वर्गणीतून उभा राहिलेला गेम आणि चाहत्यांचे न मिटणारे वाद : पार्श्वभूमी

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या मित्रमंडळात ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या संगणकावरच्या गेमचा विषय निघाला की मध्यरात्र कधी उलटते ते कळत नाही. शत्रू मारल्याबद्दल एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळावेत की नाही, लढाई सलग चालावी की पाळीपाळीने, सोबत्यांचा चमू सहा जणांचा असावा की पाच जणांचा, हे प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. पण हा गेम खेळणाऱ्यांनीच आगाऊ पैसे देऊन उभा केला होता, आणि ते पैसे एका विशिष्ट आठवणीपोटी दिले गेले होते. ती आठवण कोणती, हे समजल्याशिवाय या वादांचा अर्थ लागत नाही.

पटावर आणि कागदावर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम 1974 साली प्रसिद्ध झाले. ते संगणकावर समर्थपणे आणणारा ‘बाल्डर्स गेट’ हा बायोवेअर कंपनीचा गेम डिसेंबर 1998 मध्ये आला. त्याच्या इन्फिनिटी इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, पुढच्या काही वर्षांत ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’, ‘आइसविंड डेल’ आणि ‘बाल्डर्स गेट 2’ हे गेम निघाले. तिरक्या कोनातून वरून दिसणारी चित्रांसारखी दृश्ये, सहा जणांचा चमू, आणि लढाई चालू असताना स्पेसबार दाबून सगळे थांबवून प्रत्येकाला आज्ञा देण्याची सोय ही या गेमांची ओळख होती. ‘टॉर्मेंट’मध्ये तर सुमारे 8 लाख शब्दांचा मजकूर होता आणि त्यात तलवारीपेक्षा संवादाला जास्त वजन होते.

आमच्या घरी ‘बाल्डर्स गेट’ बर्डीवरच्या एका दुकानातून आला, तोही तब्बल 5 सीडींवर, आणि नव्या प्रदेशात पाऊल टाकले की ड्राइव्हमधली सीडी बदलावी लागे. मे महिन्याची दुपार, वाळ्याच्या ताट्यांचा वास, कूलरची घरघर आणि एका संगणकापुढे दाटीवाटीने बसलेले आम्ही तिघे भाऊ, असे ते चित्र होते. माउस एकच असल्याने सहा सोबती आम्ही दोन-दोन असे वाटून घेतले होते. स्पेसबार दाबला की तिघांनी आपापल्या दोघांचे काय करायचे ते सांगायचे, मगच लढाई पुढे सरकायची. भारनियमनात वीज गेली तर सगळे मुसळ केरात जाऊ नये म्हणून प्रत्येक दाराशी गेम सेव्ह करण्याची जी सवय तेव्हा लागली, ती आजही सुटलेली नाही. नागपूरकर म्हणून हे आमचे खास वैशिष्ट्य असले, तरी थांबून विचार करण्याची ती लय जगभरातल्या खेळाडूंना तितकीच प्रिय होती.

डिसेंबर 2003 मध्ये या परंपरेचे घर असलेला, ‘टॉर्मेंट’ बनवणारा ब्लॅक आइल स्टुडिओ बंद पडला. त्यातल्या फर्गस अर्कहार्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ऑब्सिडियन एंटरटेनमेंट सुरू केली, परंतु अशा गेमला पैसे द्यायला मोठे प्रकाशक तयार नव्हते. बाजार त्रिमितीय दृश्यांकडे आणि टीव्हीला जोडायच्या कन्सोलकडे वळला होता, आणि वाचायला लावणाऱ्या, वरून दिसणाऱ्या गेमचे दिवस संपले असे व्यवहारी मत होते. हे मत चूक होते, असे मला ठामपणे वाटते. गिऱ्हाईक नाहीसे झाले नव्हते, त्याला कोणी विचारलेच नव्हते.

विचारणा झाली ती 2012 मध्ये. लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करणाऱ्या, 2009 साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर डबल फाइन या स्टुडिओने फेब्रुवारीत 4 लाख डॉलर मागितले आणि त्याला 33 लाखांहून अधिक मिळाले. पाठोपाठ जुने गेमनिर्माते ब्रायन फार्गो यांच्या ‘वेस्टलँड 2’साठी 29 लाखांच्या वर रक्कम जमली. एका प्रकाशकाने मोठा प्रकल्प रद्द केल्याने ऑब्सिडियनला त्याच वर्षी माणसे कमी करावी लागली होती. अशा स्थितीत 14 सप्टेंबरला कंपनीने ‘प्रोजेक्ट इटर्निटी’ या नावाने, म्हणजे पुढे ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ झालेल्या गेमसाठी, 11 लाख डॉलरचे आवाहन केले. ती रक्कम दुसऱ्याच दिवशी पार झाली, आणि ऑक्टोबरच्या मध्यास मुदत संपली तेव्हा 73,986 जणांचे मिळून 39.8 लाख डॉलर जमले होते. वर्गणीदारांची संख्या वाढेल तसे गेममधल्या एका भुयाराचे मजले वाढवण्याचे वचन दिलेले होते. शेवटी ते भुयार 15 मजल्यांचे झाले.

वर्गणी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी काढली ती नागपुरातच, आणि लोकांना भाग विकून, आगाऊ वर्गणीदार मिळवून ते अवाढव्य काम उभे केले. ज्याने पावती फाडली तो हिशेब विचारतो, हे गणेशोत्सव मंडळाच्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. इथेही तेच झाले. अंदाजित तारीख एप्रिल 2014 होती, गेम प्रत्यक्ष आला 26 मार्च 2015 रोजी; मधल्या काळात कंपनी कामाचा तपशील नियमितपणे कळवत राहिली, आणि ऑगस्ट 2014 पासून वर्गणीदारांना चाचणीची आवृत्ती खेळायला मिळाली. सर्वांत तापलेले वाद याच काळातले आहेत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे हक्क हाताशी नसल्याने दिग्दर्शक जॉश सॉयर यांना नियम नव्याने रचावे लागले. त्यांची भूमिका अशी की एक्सपी कामगिरी पार पाडल्याबद्दल मिळावा, मुडदे पाडल्याबद्दल नव्हे. म्हणजे लपून जाणारा किंवा बोलून मार्ग काढणारा खेळाडू मागे पडणार नाही. जुन्या खेळाडूंना हे रुचले नाही, कारण लढाईची किंमत लगेच पदरात पडणे हा त्यांच्या आठवणीचा भाग होता. अखेरीस प्रत्येक जातीच्या प्राण्याची माहिती पूर्ण होईपर्यंत त्याला मारल्याबद्दल काही गुण देण्याची तडजोड झाली. ‘माइट’, म्हणजे बळ, या पात्राच्या एकाच गुणधर्माने तलवारीचा घाव आणि जादूचा मारा दोन्ही वाढावेत का, हा वाद मात्र मिटला नाही. मला स्वतःला सॉयर यांचे म्हणणे पटते, कारण त्यामुळे कोणतेही पात्र जन्मतःच कुचकामी ठरत नाही. आमच्या मंडळात माझ्या बाजूने एकच मत आहे.

दुसरा भाग ‘डेडफायर’ 2017 मध्ये फिग या वर्गणी गोळा करणाऱ्या दुसऱ्या मंचावर मांडला गेला. वर्गणीदार सुमारे 33,600, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी, तरी रक्कम 44 लाख डॉलर झाली. कारण या वेळी नफ्यात वाटा मिळावा म्हणून पैसे गुंतवणारेही त्यात होते. मे 2018 मध्ये आलेल्या या गेमची सुरुवातीची विक्री अपेक्षेहून कमी राहिली. जानेवारी 2019 मध्ये त्यात पाळीपाळीने लढण्याची पद्धत जोडली गेली, आणि थांबवत-थांबवत खेळण्याची जुनी लय टिकणार की नाही या चर्चेला नवे तोंड फुटले. लारियन या स्टुडिओचा ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ हाही 2013 साली लोकांकडून पैसे जमवून 2014 मध्ये पुरा झालेला गेम, त्याची लढाई पहिल्यापासून पाळीपाळीची होती, आणि त्याच कंपनीने 2023 मध्ये ‘बाल्डर्स गेट 3’सुद्धा तसाच केला.

‘डेडफायर’मध्ये चमू पाच जणांचा झाला. लढाईचा गोंधळ आटोक्यात राहावा हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, आणि एकटा खेळताना मला ते सोयीचेही वाटले. पण गेल्या दिवाळीत आम्ही तिघे भाऊ पुन्हा एका पडद्यापुढे बसलो, तेव्हा प्रत्येकाने आपले दोन सोबती निवडायला सुरुवात केली आणि धाकट्याच्या वाट्याला एकच उरला.