बर्फाळ उपग्रह आणि बटुग्रह
सूर्यमालेच्या बाह्य भागात खडक आणि पाण्याचा बर्फ यांपासून घडलेल्या अनेक मध्यम आकाराच्या खगोलीय वस्तू आहेत. त्यांपैकी ज्या एखाद्या ग्रहाभोवती फिरतात त्या बर्फाळ उपग्रह होत. ज्या थेट सूर्याभोवती फिरतात, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ गोल झालेल्या असतात, परंतु ज्यांना आपल्या कक्षेचा परिसर इतर वस्तूंपासून मोकळा करता आलेला नाही, त्या बटुग्रह ठरतात. बटुग्रहाची ही व्याख्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील अधिवेशनात स्वीकारली आणि तीतून उपग्रहांना स्पष्टपणे वगळले. ही विभागणी कक्षेवरून झालेली आहे, द्रव्यावरून नव्हे. त्यामुळे एकाच साच्यातील वाटाव्यात अशा दोन वस्तू वेगवेगळ्या वर्गांत पडू शकतात.

आकारावरून हे दोन वर्ग वेगळे करता येत नाहीत. गुरूचा उपग्रह गॅनिमीड ५,२६८ किमी. व्यासाचा, म्हणजे बुध ग्रहाहूनही मोठा आहे, तर शनीचा एन्सेलाडस अवघा ५०४ किमी. व्यासाचा आहे. प्लूटो (२,३७७ किमी.), एरिस (सु. २,३२६ किमी.) आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातील सेरेस (सु. ९४० किमी.) हे बटुग्रह या दोन टोकांच्या मध्येच बसतात.

वर्गीकरणाची ही मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन आणि प्लूटो यांच्या तुलनेत. नेपच्यूनचा शोध लागल्यानंतर सतराच दिवसांनी, १० ऑक्टोबर १८४६ रोजी, विल्यम लॅसेल यांना ट्रायटन आढळला. प्लूटो क्लाइड टॉम्बॉ यांनी १९३० मध्ये शोधला. ट्रायटनचा व्यास सु. २,७०७ किमी. आहे. पाण्याच्या तुलनेत ट्रायटनची घनता सु. २.०६ पट, तर प्लूटोची सु. १.८५ पट आहे. म्हणजे दोहोंच्या अंतरंगात खडकाचे प्रमाण बरेच आहे. दोहोंच्या पृष्ठभागांवर नायट्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे बर्फ आढळतात आणि दोहोंभोवती नायट्रोजनचे अतिविरळ वातावरण असून त्याचा पृष्ठभागावरील दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या एक लक्षांशाच्या आसपास आहे.

हे साम्य योगायोगाचे मानता येत नाही. ट्रायटन नेपच्यूनच्या परिवलनाच्या उलट दिशेने, सु. ५.९ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. ग्रहाभोवतीच्या वायू व धुळीच्या तबकडीत जन्मलेला मोठा उपग्रह अशा उलट दिशेने फिरेल हे संभवत नाही. म्हणून ट्रायटन मुळात नेपच्यूनपलीकडील बर्फाळ वस्तूंच्या कायपर पट्ट्यात सूर्याभोवती फिरत होता आणि नेपच्यूनने त्याला पकडले, असे बहुतेक संशोधक मानतात. पकडले जाण्यासाठी त्याचा वेग कमी होणे आवश्यक होते. क्रेग ॲग्नॉर आणि डग्लस हॅमिल्टन यांनी २००६ मध्ये सुचवले, की ट्रायटन एका जोडीचा घटक असावा. नेपच्यूनजवळून जाताना ती जोडी फुटली, जोडीदार निसटून गेला आणि ट्रायटन मागे राहिला. प्लूटो आणि त्याचा मोठा उपग्रह शॅरन यांची जोडी आजही अस्तित्वात आहे, हे लक्षात घेता ही कल्पना विशेष पटण्याजोगी वाटते. ती खरी असेल, तर आजच्या व्याख्येनुसार ट्रायटन एके काळी बटुग्रहच होता.

प्रत्यक्ष फरक पडतो तो उष्णतेच्या उगमात. मोठ्या ग्रहाभोवती किंचित लांबट कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहावर ग्रहाची ओढ कमीअधिक होत राहते, त्याचे अंतरंग सतत ताणले व दाबले जाते आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते. याला भरती-ओहोटीजन्य तापन म्हणतात. शेजारच्या उपग्रहांच्या ओढीमुळे कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही, म्हणून हे तापन टिकून राहते: गुरूच्या उपग्रहांपैकी आयोच्या चार, युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक प्रदक्षिणा एकाच काळात पूर्ण होतात, तर शनीच्या डायोनी या उपग्रहाच्या एका प्रदक्षिणेत एन्सेलाडस दोन प्रदक्षिणा करतो. एन्सेलाडसच्या दक्षिण ध्रुवाजवळील भेगांमधून बाष्प व हिमकण उसळताना कॅसिनी यानाने २००५ मध्ये पाहिले, आणि त्या भेगांखाली संपूर्ण गोलाला वेढणारा महासागर असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

बटुग्रहांना अशी बाहेरची मदत नसते. खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता आणि निर्मितीच्या वेळची शिल्लक ऊब एवढाच त्यांचा आधार. त्यामुळे ते गोठलेले व निष्क्रिय असतील असा समज होता. न्यू होरायझन्स यानाने १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून जाताना तो खोटा ठरवला. स्पुटनिक प्लॅनिशिया या सु. हजार किमी. रुंदीच्या मैदानात नायट्रोजनचा बर्फ खालून तापून अतिशय संथपणे वर येतो व पुन्हा खाली बुडतो. पृष्ठभाग असा सतत नवा होत असल्याने तेथे आघात-विवरे दिसत नाहीत. पाण्याचा बर्फ त्या थंडीत खडकासारखा कठीण असतो, म्हणून मैदानाच्या कडेचे पर्वत त्याचेच आहेत. सेरेसवरील ऑकेटर विवरातले पांढरे डागही खालून वर आलेल्या खाऱ्या द्रवाने मागे ठेवलेल्या क्षारांचे असल्याचे डॉन यानाने दाखवून दिले.

ट्रायटनचा पृष्ठभागही तरुण असून तेथे विवरे विरळ आहेत. सु. −२३५° से. तापमानातही सुमारे आठ किमी. उंच जाणारे काळपट झोत व्हॉएजर-२ यानाने २५ ऑगस्ट १९८९ रोजी टिपले. ते सूर्यप्रकाशाने बर्फाखालील नायट्रोजन तापून उसळतात, की अंतरंगातील उष्णतेने, हा वाद मिटलेला नाही. त्या भेटीत पृष्ठभागाच्या सु. ४० टक्के भागाचीच छायाचित्रे मिळाली आणि त्यानंतर एकही यान ट्रायटनजवळ गेलेले नाही. प्लूटोशी त्याची तुलना आजही त्याच छायाचित्रांवर बरीचशी विसंबून आहे.