बिल वाढलं, पण दर वाढले का? इंधन समायोजन आकार आणि दरवाढ

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, महावितरणच्या घरगुती ग्राहकांना युनिटमागे ३५ ते ९५ पैसे जादा मोजावे लागले. चर्चा दरवाढीचीच झाली, आंदोलनाचे इशारेही दिले गेले. कायद्याच्या हिशेबाने मात्र ती दरवाढ नव्हती. तो इंधन समायोजन आकार होता, म्हणजे वीजखरेदी आणि इंधन महागल्याने पडणारा फरक. वीज खात्यातले लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफएसी म्हणतात. पैसे दोन्हींत आपल्याच खिशातून जातात, मग हा फरक कशाला करायचा? करायचा, कारण या दोन वाढींचे रस्ते वेगळे आहेत आणि अडवायला कुठे उभं राहायचं हे रस्त्यावरून ठरतं.

या फरकाचं मूळ कायद्यातच आहे. वीज कायदा २००३ चं कलम ६२(४) सांगतं की, वीजदर सर्वसाधारणपणे एका आर्थिक वर्षात एकापेक्षा जास्त वेळा बदलता येणार नाहीत. त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे: वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या इंधन अधिभाराच्या सूत्रानुसार होणारे बदल. वाक्याचा पहिला भाग म्हणजे दरनिश्चिती, दुसरा म्हणजे एफएसी.

आधी दरनिश्चितीचा रस्ता पाहू. तो लांबलचक आहे आणि तसाच असायला हवा. वितरण कंपनी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे याचिका करते. तिचा सारांश वर्तमानपत्रांत छापावा लागतो, लोकांकडून सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात. महावितरणची याचिका असेल तर नागपूर, अमरावती, पुणे, नाशिक अशा विभागीय ठिकाणी जाहीर सुनावण्या होतात. याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आयोगाने आदेश द्यावा, असं कलम ६४ म्हणतं. याचिकेत कंपनीचा सगळा संसार मांडलेला असतो: वीजखरेदी, कर्मचाऱ्यांचा खर्च, दुरुस्ती-देखभाल, घसारा म्हणजे यंत्रांची झीज, कर्जावरचं व्याज, भांडवलावरचा परतावा, वाटेत वाया जाणाऱ्या विजेची गळती कमी करण्याचं उद्दिष्ट. शिवाय मागच्या वर्षांचा ताळमेळ असतो, म्हणजे मंजूर काय होतं, प्रत्यक्षात किती लागलं आणि फरक कोणी सोसायचा. या सगळ्याची बेरीज म्हणजे वार्षिक महसुली गरज. ती ग्राहकांच्या वर्गवारींत वाटली की दर निघतात.

सुनावण्या म्हणजे नुसता उपचार, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. आयोग १९९९ साली स्थापन झाला. त्यानंतरच्या सुरुवातीच्या सुनावण्यांमध्येच तेव्हाच्या वीज मंडळाच्या गळतीचे आकडे उघडे पडले. शेतीपंपांचा वापर मीटरविना, अंदाजाने आणि फुगवून धरला जात होता, आणि चोरीसह सगळी गळती त्यामागे झाकली जात होती. अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती छाननीनंतर तिशीच्या पुढे गेली. वीज क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांनी आणि ग्राहक संघटनांनी याचिकांचे गठ्ठे बसून वाचले, म्हणून हे झालं. दरमहा येणाऱ्या एफएसीच्या परिपत्रकातून असं काही कधीच बाहेर आलं नसतं.

एफएसीचा रस्ता अगदी आखूड. दर ठरवताना वर्षभराच्या वीजखरेदीचा एक सरासरी भाव गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात कोळसा महागतो, आयात कोळसा मिसळावा लागतो, धरणात पाणी कमी म्हणून जलविद्युत घटते किंवा संध्याकाळची तूट भरायला वीज बाजारातून चढ्या भावाने घ्यावी लागते. गृहीत भाव आणि खरा भाव यांतला फरक महिन्याच्या महिन्याला सूत्रात घातला जातो आणि उत्तर बिलावर येतं. पगार, व्याज, वितरणाच्या नव्या वाहिन्या यांतलं काहीही या सूत्रात बसत नाही. कंपनीचा कर्मचारी खर्च वाढला म्हणून एफएसी वाढला, असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

सूत्राला चाळण्याही आहेत, आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वीजनिर्मितीचा खर्च आयोगाने घालून दिलेल्या निकषांच्या आत असेल तेवढाच धरतात. जुना वीजनिर्मिती संच ठरल्यापेक्षा जास्त कोळसा जाळत असेल, तर त्या जादा कोळशाचं ओझं एफएसीत ढकलता येत नाही. वितरणातली गळती मंजूर पातळीच्या वर गेली तर तेवढी रक्कम कापली जाते. राज्य आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत एका महिन्याच्या एफएसीला दराच्या बदलत्या, म्हणजे वापरानुसार लागणाऱ्या, भागाच्या २० टक्क्यांची मर्यादा होती. त्यावरची रक्कम माफ होत नाही, पुढच्या महिन्यांत सरकते. कंपनीला खरेदीचा आणि इंधनाचा सगळा तपशील आयोगाला द्यावा लागतो. आयोग तो तपासतो, कधी आकारणीआधी तर कधी तिमाही उलटल्यावर. ही व्यवस्था वेळोवेळी बदलत आली आहे. या तपासणीत जाहीर सुनावणी मात्र कुठल्याच टप्प्यावर नसते.

एफएसी उणेही असू शकतो, हे सांगितलं की लोक हसतात, पण ते खरं आहे. २०२० च्या मार्चमधल्या आदेशात आयोगाने महावितरणसाठी एक निधी उभारायला लावला. वीज स्वस्त पडेल त्या महिन्यांची बचत ग्राहकांना लगेच परत न देता या निधीत साठवायची आणि महाग महिन्यांत वापरायची. त्याची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती. टाळेबंदीत मागणी कोसळली आणि निधी भरत गेला. मग २०२२ चा उन्हाळा आला. देशभर कोळशाची टंचाई झाली, केंद्राने औष्णिक केंद्रांना आयात कोळसा मिसळायला सांगितलं, बाजारातले भाव इतके चढले की केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटमागे १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली. निधी आटला आणि एफएसी पुन्हा बिलांवर दिसू लागला. तोवर तो शून्य होता म्हणून अनेकांना हा नवाच कर वाटला.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस केंद्राने वीज नियमांत दुरुस्ती केली. वीजखरेदीतला फरक दरमहा आपोआप वसूल व्हावा, त्यासाठी दर वेळी आयोगाची वाट पाहावी लागू नये आणि वर्षअखेरच्या ताळमेळात तो तपासला जावा, असा तिचा आशय आहे. महिन्याचा फरक दोन महिन्यांनंतरच्या बिलात, म्हणजे एप्रिलचा जूनमध्ये. कंपनीने मुदतीत हिशेब केला नाही तर, अपरिहार्य आपत्ती वगळता, ती रक्कम वसूल करण्याचा हक्कच ती गमावते. हे कलम मला आवडतं, कारण वर्षानुवर्षं थकबाकी साचवून एकदम डोक्यावर आपटण्याची सवय त्याने मोडू शकते. या दोन महिन्यांच्या अंतराची गंमत भाडेकरूंना कळते: एप्रिलच्या महाग विजेचा फरक जूनमध्ये राहायला आलेला माणूस भरतो.

आता आकडे. सप्टेंबर २०२५ च्या वापरासाठी महावितरणचा घरगुती एफएसी पहिल्या १०० युनिटांना ३५ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ६५ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना ८५ पैसे आणि त्यापुढे ९५ पैसे होता. १५० युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब: पहिल्या शंभराचे ३५ रुपये, पुढच्या पन्नासाचे ३२ रुपये ५० पैसे, एकूण ६७ रुपये ५० पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, १० रुपये ८० पैसे. म्हणजे बिलात ७८ रुपये ३० पैशांची वाढ. कोळसा महागला की सरकारच्या शुल्काची रक्कमही आपसूक फुगते, हे कुठल्याच निवेदनात सांगितलं जात नाही.

दरवाढ झाली की स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) या ओळींतले दर बदलतात आणि पुढच्या आदेशापर्यंत तसेच राहतात. इंधन समायोजन आकाराची ओळ स्वतंत्र असते आणि दर महिन्याला वेगळी असू शकते. मागचं आणि आताचं बिल शेजारी ठेवलं की ओळखायला मिनिट पुरतं. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदाणी इलेक्ट्रिसिटी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, असे चौघे आहेत. चौघांची वीजखरेदी वेगळी, त्यामुळे एफएसीही वेगळा. रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीशी बिलाची तुलना करून काही हाती लागत नाही. गोव्यात तर आयोगच निराळा, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग; आणि वीज पुरवतं सरकारी खातं.

माझ्या मते खरी गोम या दोन्हींच्या सांध्यात आहे. एफएसी किती येणार, हे बरंचसं दराच्या आदेशातच ठरून जातं. समजा, याचिकेत वीजखरेदीचा भाव युनिटला पाच रुपये धरला आणि बाजार साडेपाचचा निघाला. वर्षभर अर्धा रुपया एफएसीतून येणारच. भाव साडेपाच धरला असता तर आज दर जास्त दिसले असते, उद्या एफएसी शून्याजवळ राहिला असता. गृहीत भाव कमी धरला की दरकपातीची घोषणा करता येते आणि फरक नंतर सुनावणीविना वसूल होतो. २०२५ चा क्रम पाहा: २८ मार्चला आयोगाचा आदेश, २ एप्रिलला त्याला स्थगिती, २५ जूनला फेरविचाराचा आदेश, पहिल्या वर्षी सुमारे दहा टक्के कपातीची सरकारी घोषणा, १ जुलैपासून नवे दर, आणि ऑक्टोबरच्या बिलात ३५ ते ९५ पैसे. यात कोणी ठरवून फसवलं असं मी म्हणत नाही. त्या काळातली वीज महाग पडलेली असूही शकते. पण कपातीची टक्केवारी ऐकताना ती कोणत्या खरेदीभावावर उभी आहे, हे विचारायला हवं.

म्हणून एफएसीविरुद्ध कार्यालयासमोर घोषणा देऊन फारसं निघत नाही. तिथल्या अभियंत्याच्या हातात तो नाहीच. हरकत घ्यायची ती याचिकेवर, वीजखरेदीच्या तक्त्यावर: कोणत्या केंद्राकडून किती युनिट, कोणत्या भावाने, गळती किती धरली. याचिका कंपनीच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळांवर मिळते, हरकत मराठीत लिहून देता येते, वकील लागत नाही. दराचा आदेश मान्य नसेल तर दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत अपील करता येतं, पण ते संघटनेच्याच आवाक्यातलं काम. तुमच्या बिलातला एफएसी परिपत्रकातल्या दराशी जुळत नसेल, चुकीची वर्गवारी किंवा भलताच महिना लागला असेल, तर ती साधी बिलाची तक्रार झाली. ती आधी कंपनीकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथेही समाधान झालं नाही तर मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे न्यायची.