'व्हार' लिहिलं म्हणून टाइप सुटत नाही

मार्च २०१८ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची दहावी आवृत्ती आली आणि 'व्हार' हा शब्द घेऊन आली. तोवर जवळपास प्रत्येक व्हेरिएबलच्या (किंमत साठवणाऱ्या नावाच्या) पुढ्यात त्याचा टाइप, म्हणजे आत पूर्णांक आहे की मजकूर की आणखी काही, हे लिहावंच लागे. आता फंक्शनच्या, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, आत 'व्हार वय = ४२' एवढ्यावर भागतं.

नवशिक्यांना वाटतं, चला, सुटलो. आता 'वय'मध्ये काहीही कोंबा. पायथन या दुसऱ्या भाषेत ते खपतंही. जावात मात्र पुढच्याच ओळीत 'वय = "बेचाळीस"' लिहून बघा. प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच कोडचं भाषांतर करणारा कंपायलर अडवतो, कारण ४२ पाहून त्याने 'वय' पूर्णांक आहे हे केव्हाच ताडलेलं असतं.

हे ताडणं जावाच्या कितीतरी आधीचं. १९७० च्या दशकात एडिनबरोत रॉबिन मिल्नर यांनी प्रमेयं सिद्ध करणाऱ्या एका प्रणालीसाठी एमएल ही भाषा घडवली. तिच्यात फंक्शनचे टाइपही बहुधा सांगावे लागत नाहीत. पद्धत शाळेतल्या बीजगणिताची: जे माहीत नाही त्याला अक्षर द्यायचं आणि समीकरणं मांडायची.

समजा फंक्शन असं आहे: 'क खरं असेल तर ख या मजकुराची लांबी दे, नाहीतर शून्य.' 'असेल तर'च्या जागी बसलाय म्हणजे क खरं-खोटं या टाइपचा. लांबी मोजायचीय म्हणजे ख मजकूर. लांबी पूर्णांक, शून्यही पूर्णांक, म्हणजे उत्तर पूर्णांक. शून्याऐवजी "नाही" हा मजकूर ठेवला असता, तर समीकरण तिथेच फिसकटलं असतं.

आणि 'जे दिलं तेच परत कर' एवढंच करणारं फंक्शन? तिथे एकच अट: आत जाईल तोच टाइप बाहेर येईल. बाकी अक्षर मोकळं राहतं. मिल्नर ते मोकळंच सोडतात, म्हणून तेच फंक्शन आकड्यालाही चालतं आणि मजकुरालाही. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. रॉजर हिंडले या तर्कशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच हे वेगळ्या वाटेने शोधलं होतं, म्हणून दोघांचंही नाव या पद्धतीला चिकटलं.

जुन्या फोरट्रान भाषेत टाइप नावावरून ठरे: आय ते एन यांपैकी अक्षराने सुरू होणारं नाव पूर्णांक, बाकीची दशांश. जावा नावाकडे ढुंकूनही बघत नाही. 'व्हार सरासरी = ७ / २' लिहा; दोन्ही पूर्णांक, म्हणून सरासरीही पूर्णांक, आणि उत्तर ३. साडेतीन हवे असतील तर ७.० लिहा.