मोबाइल म्हातारा कधी होतो?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर हल्ली असं उत्तर मिळतं : "बॅटरी टाकून देतो, दोन वर्षं बघायला नको. पण बँकेचं ॲप चालंल का, ते मला इचारू नकासा." फोन धडधाकट, मिस्त्रीही तयार, तरी फोन कामातून गेलेला असू शकतो. हे नवं आहे.

कोल्हापूरला चालती वस्तू टाकायची सवय नाही. उद्यमनगरात इंजिन खोलायचं, बोअर करायचं, रिंगा बदलायच्या आणि पुन्हा विहिरीवर नेऊन बसवायचं, हा इथला हिशेब. पहिले मोबाइल त्यात चपखल बसले. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होता, धूळ शिरणार नाही असा कीपॅड होता. जगभर तो २५ कोटींच्या वर खपला. त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं, याचाही त्याला हातभार लागला असणार. झाकण नखाने उघडायचं, बॅटरी बदलायची, झालं. फोन किती वर्षं वापरावा, असं तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये बॅटरी आत बंद झाली. २०१५ मध्ये सॅमसंगनेही गॅलेक्सी एस-६ ला तेच केलं. लिथियम-आयन बॅटरी वापरली तरी झिजते, पडून राहिली तरी झिजते. साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरावी, असा बरीच वर्षं कंपन्यांचा अंदाज होता. म्हणजे जेमतेम दोनेक वर्षं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं, की बॅटरी थकलेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आपण त्यांचा वेग कमी करतो. लोक भडकले, आणि बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. नव्या बॅटरीने वेग परत येतो, हे अनेकांना तेव्हाच कळलं. कारण ठीक असेल, पण न सांगता करणं मला आजही पटत नाही.

मध्येच नेटवर्कचा तडाखा बसला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन. ३जी फोनला त्याचं सिम चालेना. माझ्या पाहण्यात एवढे चालू फोन एकदम कपाटात गेले ते तेव्हाच. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं, पण ४जी सुरूच राहिल्यामुळे तसं काही झालं नाही.

खरी मेख सॉफ्टवेअरमध्ये आहे. अँड्रॉइडचा पाया गुगलचा, त्यावर फोन कंपनीचा साज, आणि खाली चिप बनवणाऱ्याचे ड्रायव्हर, म्हणजे चिपकडून काम करून घेणारे छोटे प्रोग्राम. चिपवाल्याने हात काढून घेतला की फोन कंपनीचंही अडतं. जुलै २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली : नुसत्या एमएमएसवरून फोनमध्ये शिरता येत होतं. पुढच्याच महिन्यापासून गुगलने दरमहा सुरक्षा अपडेट सुरू केले. पण ते सगळ्यांपर्यंत पोचत नव्हते. स्वस्त फोनला दोन वर्षं मिळाली तरी खूप. ॲपलकडे चिपही घरची, सॉफ्टवेअरही घरचं. त्यामुळे २०१३ च्या आयफोन ५-एसला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट आलं.

ॲपवाल्यांनीही आपापल्या रेषा आखल्या. १ फेब्रुवारी २०२० पासून अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनवर व्हॉट्सॲप बंद झालं. बँकांची ॲपही जुनं अँड्रॉइड नाकारतात, आणि भाजीवाल्याला क्यूआरवर पैसे देणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

आता काटा थोडा उलटा फिरलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ ला, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस-२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियमच आहे : मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता. आपल्याकडे मात्र स्वस्त फोनला किती वर्षं मिळतील, ते मॉडेलगणिक बदलतं.

जुना फोन घेताना गिऱ्हाईक अजून ओरखडे बघतं, बिल आणि खोकं मागतं. सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघणारा एखादाच. पण काउंटरवर आता तोही दिसायला लागलाय.