इ. स. १३४७

इ. स. १३४७ (शके १२६८-६९, हिजरी ७४७-७४८) या वर्षी दख्खनमध्ये बहमनी सत्तेची स्थापना झाली, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले शहर इंग्लंडच्या ताब्यात गेले आणि मध्य आशियातून पसरत आलेली प्लेगची साथ भूमध्य समुद्राच्या बंदरांत उतरली. पहिल्या दोन घटनांना इतिहासकार ३ ऑगस्ट ही एकच तारीख देतात. तिसरीला निश्चित तारीख नाही आणि तिने माणसांचे जीवन सर्वाधिक बदलले.

दख्खनमधील घडामोडींचे मूळ मुहम्मद बिन तुघलकाच्या कारभारात होते. देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन त्याने १३२७ च्या सुमारास तेथे राजधानी हलवली होती. पुढे दिल्लीचा दरारा ओसरला आणि महसुलाचा तगादा व अंमलदारांवरील संशय मात्र वाढत गेला. या जाचाने ‘सदा अमीर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, साधारणपणे शंभर गावांचा कारभार पाहणाऱ्या सरदारांनी १३४६ मध्ये बंड केले आणि इस्माईल मुख या वयोवृद्ध अमिराला दौलताबादेत गादीवर बसवले. सुलतानाने जातीने चालून येऊन किल्ल्याला वेढा घातला. परंतु गुजरातेत तघीने बंड केल्याची बातमी येताच त्याला तिकडे धाव घ्यावी लागली. त्याची पाठ वळताच बंडखोर सरदारांपैकी हसन ऊर्फ जफरखान याने मागे राहिलेल्या तुघलकी फौजेचा पराभव केला, या लढाईत सेनापती इमाद-उल्-मुल्क सरतेज मारला गेला, आणि इस्माईलने आपण होऊन गादी सोडली. ३ ऑगस्ट रोजी हसनला अलाउद्दीन बहमनशाह या नावाने राज्याभिषेक झाला. राजधानी लवकरच गुलबर्ग्याला गेली. हसन हा गंगू नावाच्या दिल्लीच्या ब्राह्मण ज्योतिषाचा सेवक होता, ही फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली कथा महाराष्ट्रात फार परिचित आहे. तथापि ती अडीच शतकांनंतर लिहिलेली असून समकालीन साधनांत तिला आधार नाही. हसन स्वतः आपला वंश इराणच्या पुराणकथांतील बहमन राजाशी जोडत असे. या राज्याच्या विघटनातून पुढे निजामशाही, आदिलशाही, इमादशाही, कुतुबशाही व बरीदशाही ही पाच राज्ये निघाली, आणि मालोजी व शहाजी भोसले यांचे कर्तृत्व निजामशाहीच्या चाकरीत पुढे आले. त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाची पार्श्वभूमी पाहताना १३४७ पासून सुरुवात करणे योग्य ठरते.

युरोपात इंग्लंड-फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्ध चालू होते. क्रेसीच्या विजयानंतर तिसऱ्या एडवर्डने सप्टेंबर १३४६ मध्ये कॅलेला वेढा घातला. फ्रान्सचा सहावा फिलिप जुलैअखेर सैन्य घेऊन जवळ आला, पण न लढताच परतला, आणि अकरा महिने उपासमार सोसलेल्या शहराने शरणागती पत्करली. गळ्यात दोर अडकवून राजासमोर आलेल्या सहा नागरिकांचे प्राण राणी फिलिपाच्या विनवणीमुळे वाचले, असे बखरकार फ्रुआसार सांगतो. कॅले १५५८ पर्यंत इंग्रजांकडे राहिले. रोममध्ये कोला दी रिएन्झो याने मे महिन्यात सत्ता हाती घेऊन प्राचीन प्रजासत्ताकाच्या पुनरुज्जीवनाची घोषणा केली, मात्र डिसेंबरातच त्याला पायउतार व्हावे लागले.

बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सहा वर्षांचे यादवी युद्ध संपवून सहावा जॉन कँटाकुझेनस फेब्रुवारीत शहरात शिरला. राजमुकुटातील रत्ने व्हेनिसकडे गहाण पडलेली असल्याने मे महिन्यातील राज्याभिषेकात काचेचे खडे वापरावे लागले आणि मेजवानीला सोन्याचांदीऐवजी कथिलाची व मातीची भांडी होती, अशी नोंद ग्रेगोरास या समकालीनाने केली आहे. मोडकळीस आलेल्या त्या साम्राज्याचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच सापडेल. त्याच वर्षी प्लेग शहरात पोहोचला आणि सम्राटाचा धाकटा मुलगा त्यात दगावला.

ही साथ काळ्या समुद्रावरील काफा या जिनोव्हाच्या वसाहतीतून व्यापारी जहाजांबरोबर पुढे सरकली. वेढा घालणाऱ्या मंगोलांनी प्रेते तटाच्या आत फेकली, ही प्रसिद्ध हकीकत लिहिणारा तेथे हजर नव्हता. शिवाय धान्यवाहू जहाजांतील उंदीर व पिसवा एवढेच कारण साथ पसरण्यास पुरेसे होते. ऑक्टोबरच्या आरंभी १२ गलबते सिसिलीतील मेसिना बंदराला लागली. लोकांनी ती हाकलून दिली, पण तोपर्यंत रोग किनाऱ्यावर उतरला होता. वर्षअखेरीपूर्वी तो मार्सेल व अलेक्झांड्रियापर्यंत गेला. पुढील चार-पाच वर्षांत युरोपची किमान एक तृतीयांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ च्या थडग्यांत प्लेगच्याच जंतूचा डीएनए आढळल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले, आणि त्यामुळे साथीच्या उगमाबद्दलचा जुना वाद बराच पुढे सरकला.

जन्म : सिएना येथे एका रंगाऱ्याच्या मोठ्या कुटुंबात संत कॅथरीन (२५ मार्च, परंपरेनुसार). पोपला ॲव्हिन्यॉनहून रोमला परतण्यासाठी तिने पत्रे लिहून आग्रह धरला. १९७० मध्ये कॅथलिक चर्चने तिला ‘धर्माचार्य’ ही पदवी दिली.

मृत्यू : अनावश्यक गृहीतके टाळावीत या तत्त्वासाठी ओळखला जाणारा इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम, म्यूनिक येथे (रूढ तारीख १० एप्रिल). पोपशी वैर पत्करलेल्या या संन्याशाला आश्रय देणारा पवित्र रोमन सम्राट चौथा लुडविग हाही ११ ऑक्टोबर रोजी शिकारीच्या वेळी मरण पावला. त्याच्याविरुद्ध राजा म्हणून निवडल्या गेलेल्या चौथ्या चार्ल्सला त्यानंतर जर्मनीत तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही.