बाहाय कुबो : अठरा पिकांचे गाणे

'बाहाय कुबो' हे फिलिपिन्सचे घराघरांत ठाऊक असलेले तागालोग बालगीत. बाहाय कुबो म्हणजे बांबूच्या खांबांवर उचललेली, निपा ताडाच्या पानांनी शाकारलेली झोपडी. झोपडी लहानशी, पण भोवतीच्या परसात तऱ्हेतऱ्हेची पिके, एवढेच गाणे सांगते आणि पुढे तीन मात्रांच्या ठेक्यात अठरा पिकांची नावे घेते.

हे गीत स्पॅनिश येण्याआधीचे आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे असू शकत नाही, आणि पुरावा यादीतच आहे. सिंकामास (कच्चा खायचा गोड पांढरा कंद), मानी (भुईमूग), पातानी (डबल बी), कालाबासा (लाल भोपळा) आणि कामातिस (टोमॅटो) ही पाचही पिके मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोतले आकापुल्को आणि फिलिपिन्स यांच्यात 1565 ते 1815 पर्यंत स्पॅनिश गलबते ये-जा करत होती, त्या काळात ती इथे रुजली. सिंकामास आणि कामातिस हे शब्द मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आले. 'मानी' कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला. आपला 'बटाटा'ही तिथलाच, फक्त तो पोर्तुगीजांच्या तोंडून आला. सिबुयास (कांदा) आणि लाबानोस (मुळा) ही तर स्पॅनिशमधली अनेकवचने. तागालोगमध्ये एकच कांदा असला तरी तो सिबुयासच.

सगळेच पूर्वेकडून, म्हणजे प्रशांत महासागर ओलांडून आलेले नाही. पातोला हा शब्द संस्कृत 'पटोल'पासून मलायमार्गे पोचला. त्याच 'पटोल'चे मराठीत पडवळ झाले. तिकडे मात्र तो दोडका-घोसाळ्याला चिकटला.

यादी पाठ राहते ती यमकामुळे. पूर्वार्धातल्या ओळी 'ई'वर संपतात : मुंती, सारी-सारी, मानी, पातानी. उत्तरार्धातल्या 'आ'वर : कालाबासा, मुस्तासा, लुया, लिंगा. मधले एखादे नाव गळले तर ठेका अडखळतो. ओळीच्या शेवटचे गळले तर यमकच तुटते आणि चूक लगेच कानाला कळते. क्रमालाही शेतकऱ्याची समज आहे. सिताव (चवळीची लांब शेंग), बाताव (वाल) आणि पातानी हे वेल एकत्र. मग कुंदोल (कोहळा), पातोला, उपो (दुध्या) आणि कालाबासा, म्हणजे भोपळ्याचे अख्खे कुळ. मागोमाग मुळा आणि मोहरीचा पाला. मग कांदा, टोमॅटो, लसूण हे तिथल्या रोजच्या फोडणीचे त्रिकूट, आणि जोडीला आले. शेवटी सभोवार तीळ.

गाणे सांगत नाही ते घरात शिकायचे. सिंकामासचा फक्त कंद खायचा. पिकलेले बी विषारी असते. पातानीचे दाणे कच्चे खायचे नाहीत, भरपूर पाण्यात नीट शिजवायचे. सिगारिल्यास (चौधारी घेवडा) कोवळा असतानाच तोडायचा, जून झाला की त्याच्या कडा चिवट होतात.

ही 'पिनाकबेत' या मिश्र भाजीची पाककृती आहे, अशीही एक समजूत आहे. पण पिनाकबेतचा प्राण असलेले कारलेच या यादीत नाही. शेवगा आणि नाळीची भाजी रोजच्या जेवणातल्या, त्याही नाहीत. अठरांत तालोंग (वांगे) मात्र दुसऱ्याच जागी आहे.