असाही-शा की गोहोंगू? कोंपिरा-सानच्या पायऱ्यांवरची नेहमीची गफलत

जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा प्रांतातल्या झोझू डोंगरावर कोतोहिरा-गू हे शिंतो देवस्थान आहे. लोक त्याला कोंपिरा-सान म्हणतात. नावाचं मूळ आपल्याच संस्कृतातलं: कुंभीर, म्हणजे मगर. जपानमध्ये ही खलाशांची राखणदार देवता झाली.

पायथ्यापासून मुख्य देवळापर्यंत, म्हणजे गोहोंगूपर्यंत, ७८५ पायऱ्या आहेत. पण ६२८व्या पायरीपाशीच असाही-शा ही देवळाची इमारत इतकी भव्य उभी आहे, की दमलेला माणूस तिलाच मुख्य देऊळ समजतो. जपानी लोककथांतला प्रसिद्ध गुंड मोरी नो इशिमात्सु इथूनच माघारी फिरला, अशी दंतकथा आहे.

असं होण्यामागे इतिहास आहे. असाही-शा १८३७ साली बांधून झाली ती बौद्ध मंदिर म्हणून. दुहेरी छप्पर, त्यावर तांब्याची कौलं, आणि लाकडावर माणसं, पशुपक्षी, फुलं यांचं दाट कोरीवकाम. १८६८ साली सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थानं वेगळी केली, तेव्हा इमारत तीच राहिली, आतल्या देवता बदलल्या. गोहोंगूची आजची वास्तू १८७८ची. तिचं छप्पर हिनोकी झाडाच्या सालींचं, डौल शांत. नजरेला दिपवणारी असाही-शाच, म्हणून भव्यतेवरून ओळखायला गेलात की चुकलात.

खूण चढणीची धरा. असाही-शानंतर थोडं पुढे गेलात की शेवटचा १३३ पायऱ्यांचा खडा टप्पा लागतो. तो चढला नसेल, तर गोहोंगू अजून वरच आहे. तिथल्या मोकळ्या जागेवरून सानुकीचं मैदान आणि शंकूसारखा ईनो डोंगर दिसतो. ओमोनोनुशी या मुख्य देवाचं स्थान गोहोंगूच. पायऱ्या मोजत गेलात तर आकडा एकाने चुकेल, कारण वाटेत एक पायरी उतरायची आहे. चढायच्या पायऱ्या ७८६ भरतात, आणि जपानीत ७-८-६ या अंकांचा उच्चार 'नायामु', म्हणजे चिंतेत पडणं, असा होतो, म्हणून एक पायरी मुद्दाम उतरती ठेवून आकडा ७८५ केला असं सांगतात.

रिवाज असा, की आधी गोहोंगूला जायचं आणि असाही-शाचं दर्शन उतरताना घ्यायचं. उतरायची वाट वेगळी आहे आणि ती असाही-शापाशीच येते, त्यामुळे जाताना थांबला नाहीत तरी दर्शन चुकत नाही. दोन्हीकडे पद्धत एकच: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार.

गोहोंगूच्याही वर, १३६८व्या पायरीवर, ओकुशा हे आतलं देऊळ आहे. तिथे जायचं असेल तर पायांतला दम गोहोंगूपाशीच संपवू नका, आणखी ५८३ पायऱ्या आहेत.